उतरणीवरचा भोपळा

“…मग चूक कुठे आहे, तेवढं सांगा, अप्पाजी!”

चन्नय्यास्वामींनी पुढची शेंग उचलली. ते शेंगा फोडत होते.

सबनीस सरांनी वाट पाहिली. मुख्याध्यापक असताना, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत टेबलावर पेन्सिल वाजवत राहायची त्यांची सवय होती. इथे टेबल नव्हतं, पेन्सिल नव्हती. त्यांनी आपला गुडघाच वाजवला.

निपाणीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की एक बसकी टेकडी लागते. टेकडीवर मठ, आणि मठात हे म्हातारे स्वामी. सगळा मुलूख त्यांना अप्पाजी म्हणतो. या भागात माणसं एक वाक्य मराठीत सुरू करतात आणि कन्नडमध्ये संपवतात, आणि त्यात आपण काही विशेष केलं असं कुणाला वाटत नाही.

सरांना मात्र ते आल्याआल्याच खटकलं होतं. भाषा कशी, एका वेळी एकच आणि लख्ख घासलेली हवी.

“चूक कशात?” अप्पाजींनी शेवटी विचारलं.

“कशातच नाही. तेच तर म्हणतोय मी!”

“मग बरं हाय की.”

“बरं कसं? माझी नात माझ्याशी बोलत नाही.”

अप्पाजींनी हातातली शेंग खाली ठेवली…

“हां. आता सांगा.”

सरांनी सांगितलं. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातला निम्मा काळ समुद्रात. सून गिरिजा धारवाडची. तिथल्या कॉलेजात शिकवते आणि आईच्या घरी राहते. त्यांची मुलगी पुट्टी, आता कुठे पाचवं लागलेली. पुट्टीला कन्नड येतं, आणि मराठी म्हणाल तर ‘ये’, ‘जा’ आणि ‘लाडू’.

जूनपासून गिरिजाला वर्षभर बेंगळुरूला शिकायला जायचं होतं. तिच्या आईला एकटीला पोरगी झेपणारी नव्हती. पुट्टीनं साताऱ्याला आजी-आजोबांकडे राहावं, असं ठरत आलं होतं. ते बोलणं सुरू झालं त्याच दिवशी सरांनी कन्नड शिकायला घेतलं. पोरीला परकं वाटू नये म्हणून. रोज पहाटे उठून, मोबाईलवर व्हिडिओ लावून, एकेक वाक्य घोटून. वयाच्या बासष्टाव्या वर्षी हे करणं सोपं नाही. माणसाचा जीव होता नातीत, हे कुणीही मान्य करील.

आणि पुट्टीनं सांगून टाकलं होतं, साताऱ्याला येणार नाही.

“रडवून नाही ठेवायची तिला, बाबा,” गिरिजा फोनवर म्हणाली होती. “रविवारी तुम्ही इथं याल, तेव्हा ती हो म्हणाली तर साताऱ्याला. नाहीतर हुबळीला माझ्या ताईकडे ठेवते.” मग जरा थांबून म्हणाली, “येताना वाटेत अप्पाजींना भेटून या.”

आज तो रविवार होता.

अप्पाजींना का भेटायचं ते गिरिजानं सांगितलं नव्हतं. तिचं माहेर या मठाचं भक्त, एवढंच सरांना माहीत होतं. कारण त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. अप्पाजींनी आपलं कन्नड ऐकावं आणि सुनेला फोन करून सांगावं, की मनुष्य तयार आहे, पोरगी खुशाल पाठव.

“पोर काय म्हन्ती तुम्हास्नी?” अप्पाजींनी विचारलं.

“वार्ते अज्जा.” सरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू उमटलं. “बातम्यांतले आजोबा. माझे उच्चार तसे आहेत ना. थेट निवेदकासारखे.”

अप्पाजी त्यांच्याकडे बघत राहिले…

“बातम्या बघून शिकलासा व्हय?”

“भर बातम्यांवर दिला. तिथे भाषा शुद्ध असते. शिवाय रीतसर धडे केले. नाती, रंग, भाज्या, फळं, सगळं तोंडपाठ आहे. कुठूनही विचारा.”

“आनि गमतीचं व्हिडिओ? आमच्या कन्नडात लई हायत.”

“तेही पाहिले. अभ्यास म्हणून.”

“हसलासा?”

“हसण्यासाठी नव्हते पाहिले.”

मठाचा स्वयंपाक बघणारी शिवव्वा शेजारीच दोन बायकांबरोबर शेंगा फोडत बसली होती. तिनं मान खाली घालून ओठ आवळले.

“बोला की जरा कन्नड,” अप्पाजी म्हणाले. “आमी बी ऐकतो.”

सर याच क्षणाची वाट बघत होते. त्यांनी पाठ ताठ केली, घसा साफ केला आणि सुरुवात केली. उपस्थित सर्वांना नमस्कार केला. आज सकाळी आपण साताऱ्याहून प्रस्थान ठेवले, महामार्गावरील वाहतूक सुरळीत होती, आणि या पवित्र स्थळी आगमन होताच आपणांस अतीव समाधान लाभले, असं सगळं त्यांनी एका दमात, कुठेही न अडखळता, कन्नडमध्ये सांगितलं.

शिवव्वाचे हात थांबले. तिनं नकळत पदर डोक्यावर घेतला. सरांचं बोलणं संपलं तरी तिघी तशाच बसून राहिल्या, हवामानाचा अंदाज अजून यायचाय अशा.

“लई शुद्ध,” अप्पाजी म्हणाले. “एक बी चूक न्हाई.”

“मग! मी काय म्हणत होतो?”

“व्हय. न्हाईच चूक.”

“तर मग गिरिजाला तसा फोन करता ना?”

“करू की. पोरीला बी सांगू का?”

“पोरीला काय कळतंय त्यातलं!”

“व्हय,” अप्पाजी म्हणाले. “तिला न्हाई कळत…”

सर पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. 

“चला,” अप्पाजी उठले. “जेवून घ्या.”

पंगतीत अप्पाजींनी सरांना शेजारी बसवून घेतलं. भाकरी, वांग्याचं कालवण आणि गार आंबील. उन्हातून आलेल्या माणसाला ती आंबील अमृत वाटावी. सरांनी ती प्यायली, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

“तुमची मंडळी कुठं हायत?”

“कुमुद? ती पंधरवडा झाला धारवाडलाच आहे. नातीपाशी.”

“त्यास्नी येतं कन्नड?”

“तिला?” सर हसले. “तिला एक वाक्य येतं. ‘ऊटा आयता’, म्हणजे जेवण झालं का. ते तरी वेळेवर म्हणावं! पोरगी झोपेतून उठते, अजून डोळे उघडायचेत, आणि ही विचारते, जेवण झालं का.”

“मग पोरगी?”

“पोरगी खिदळते. मग हिला दटावते. मग हिचा हात हातात घेऊन शिकवायला बसते. हे असं म्हण, ते तसं म्हण. तिला मोठी मौज वाटते त्यात. आणि रात्री हिच्याच कुशीत…”

बोलता बोलता सर थांबले. भाकरीचा घास त्यांच्या हातात तसाच राहिला. आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं असावं. 

पण मुख्याध्यापकी इतक्या सहजी सुटत नाही.

“लाड करते झालं,” ते म्हणाले. “शिस्त कुठाय त्यात?”

“आनि तुमी काय करता पोरीसंगं?”

“मी शिकवतो. मागच्या खेपेची गोष्ट सांगतो. ती मोबाईलवर मांजराचा व्हिडिओ बघत होती. मांजर टोपलीत शिरतं, टोपली त्याच्या अंगावर उलटी होते, आणि मांजर टोपलीसकट घरभर चालायला लागतं. पोरगी नुसती हसत होती. म्हटलं, ही चांगली संधी आहे. व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, मांजर कुठे आहे? टोपलीचा रंग कोणता? पूर्ण वाक्यात उत्तर दे, म्हटलं.”

“मग?”

“दिली तिनं उत्तरं. पूर्ण वाक्यात.”

“मग?”

“मग… मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला आणि आत निघून गेली.”

“मांजराचं काय झालं पुढं?”

“कुठलं मांजर?”

“टोपलीतलं.”

“ते काय मी पाहिलं नाही,” सर म्हणाले.

अप्पाजींनी त्यांच्या वाटीत आणखी आंबील वाढली…

या मठाची एक रीत आहे. जेवणं आटोपली की अप्पाजी, स्वयंपाकघरातली माणसं आणि त्या वेळी असेल तो पाहुणा, असे सगळे बाहेरच्या कट्ट्यावर सावलीला बसतात. तांब्याला टेकवून मोबाईल उभा करतात आणि एखादा गमतीचा व्हिडिओ बघतात. तेवढ्या वेळात प्रवचन नाही, गाऱ्हाणी नाहीत, मठाचं कामकाज नाही. कुणी बडी असामी भेटीला आली तर तिलाही तिथेच सरकून जागा करून देतात. काही जण यावर नाकं मुरडतात. अप्पाजी त्यांनाही जागा करून देतात.

सरांना मनातून संताप आला. एवढ्या लांबून प्रश्न घेऊन माणूस आलाय, दुपार उलटून चाललीय, संध्याकाळी पोरीचा निकाल लागायचाय, आणि स्वामी मोबाईलवर करमणूक बघतोय! पण पाहुणे होते, बसले.

व्हिडिओ तिकडच्याच कुठल्या गावातल्या पोरांनी हौसेनं केलेला होता. एका कंजूष जावयाकडे सासू यायची असते. त्याच्या घराच्या छपरावर वेलाला झकास भोपळा धरलेला. सासूच्या नजरेला पडला तर ती मागणार, म्हणून बेटा तो लपवायला छपरावर चढतो. भोपळा तोडतो. भोपळा हातून निसटतो. छपरावरून गवताच्या गंजीवर, गंजीवरून वाटेवर, आणि वाट उताराची. जावई बोंब ठोकतो…

सरांनी हात लांब करून व्हिडिओ थांबवला.

“बघा,” ते म्हणाले, “आता हा जे ओरडला ते गावठी झालं. शुद्ध कन्नडमध्ये ते असं म्हणायचं.”

आणि त्यांनी म्हणून दाखवलं. पडद्यावर भोपळा अधांतरी राहिला होता.

अप्पाजींनी मान डोलावली. सरांनी बोट टेकवलं, भोपळा पुढे निघाला. वाटेत झाडाखाली न्हाव्यापुढे एक इसम बसला होता. त्याची अर्धी दाढी व्हायची होती. तो साबणासकट उठला आणि भोपळ्यामागे पळत सुटला. शिवव्वानं हसायला तोंड उघडलं…

व्हिडिओ थांबला.

“न्हावी काय म्हणाला, ऐकलंत? यात दोन शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत.”

शिवव्वानं तोंड मिटलं.

पुन्हा सुरू. भोपळा एका शाळेपुढून गेला, पोरं बाहेर पडली. पुन्हा बंद. पुन्हा सुरू. एक म्हातारा काठी टाकून धावायला लागला. पुन्हा बंद.

“अवो सर,” शिवव्वाला राहवलं नाही, “भोपळा खाली तरी येऊ द्या की वो!”

“येईल. घाई काय आहे? थांबत थांबत पाहिलं की पक्कं होतं.”

 सगळे हाताची घडी घालून बसले. सरांनी एकवार सगळ्यांवरून नजर फिरवली. वर्ग छान शांत होता. त्यांना बरं वाटलं.

अप्पाजींनी मोबाईल उचलला आणि पालथा ठेवला…

ते उठले, कोठीघरात गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत भोपळा होता. चांगला गरगरीत, पिकून तांबूस झालेला.

कट्ट्यापासून खाली फाटकापर्यंत गाड्यांसाठी सिमेंटची उतरण केलेली आहे. खाली फाटकाच्या आत ताडपत्री अंथरून गावातल्या बायका लाल मिरच्या वाळत घालत होत्या. अप्पाजी उतरणीच्या तोंडाशी वाकले आणि भोपळा तिथे ठेवून त्याच्यावर हात धरून उभे राहिले.

“सर, भोपळा कुठं हाय?”

सर बुचकळ्यात पडले. पण प्रश्न आला म्हणजे उत्तर द्यायचं, हा जन्माचा शिरस्ता.

“भोपळा उतरणीवर आहे,” ते म्हणाले. मग तेच कन्नडमध्ये म्हणाले.

“रंग कुठला?”

“भोपळ्याचा रंग तांबूस पिवळा आहे. पण अप्पाजी, याचा आणि माझ्या…”

अप्पाजींनी हात काढून घेतला. मग एका बोटानं भोपळ्याला हलकेच ढकललं.

“आता थांबवा,” ते म्हणाले.

सरांनी काय करावं? त्यांचा हात पुढे झाला आणि एक बोट हवेत टेकलं.

भोपळा थांबला नाही.

मग सर पळाले. मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालेला, इस्त्रीच्या शर्टातला मनुष्य मठाच्या उतरणीवरून भोपळ्यामागे पळत सुटला, हे कट्ट्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं. पहिल्या वळणावर त्यांची एक चप्पल गेली. भोपळा काही सरळ जाणारा नव्हता. तो या कडेला आपटे, त्या कडेला आपटे, आणि प्रत्येक आपटण्यासरशी त्याला नवा जोर चढे.

खाली बायका मिरच्या पसरत होत्या. त्यांना सावध करायला हवं होतं. सरांना शब्दांची काय वाण? त्यांनी पळता पळताच कन्नडमध्ये आवाज दिला, “उपस्थित महिलांनी कृपया लक्ष द्यावे! मठाच्या दिशेकडून एक…”

बायका आदरानं उठून उभ्या राहिल्या. एकीनं तर हात जोडले.

“…एक… अय्योऽऽऽ!”

हे ‘अय्यो’ सर कुठल्याच धड्यात शिकले नव्हते. ते बेंबीच्या देठापासून आलं. बायकांना ते एका झटक्यात कळलं. त्या किंचाळत चहूकडे पांगल्या. भोपळा धाडकन मिरच्यांत घुसला, लाल धुरळा उडाला. एका बाईनं हातातली वेताची बुट्टी त्याच्यावर फेकली. ती नेमकी त्याच्यावर पालथी बसली आणि भोपळा थांबायचं सोडून बुट्टीसकट पुढे सरकायला लागला. मागून सर आले, त्यांचा पाय ताडपत्रीत अडकला आणि ते दोन्ही हात टेकत मिरच्यांत बसले.

बुट्टी अजून चाललीच होती. थोडी उजवीकडे… थोडी डावीकडे… आपल्याला कुठे जायचंय ते ठाऊक असल्यासारखी. फाटकाच्या खांबापाशी गेली आणि बसली.

सर तिच्याकडे बघत राहिले.

आणि त्यांना ते मांजर दिसलं. टोपलीसकट घरभर चालणारं. ते मांजर किती गमतीचं होतं, हे त्यांना आत्ता, मिरच्यांत बसून कळलं.

सर हसले. आधी नाकातून हसले, मग मिरचीचा ठसका लागला, मग शिंका आल्या, आणि त्या शिंकांवरसुद्धा त्यांना हसू यायला लागलं. पांगलेल्या बायका परत आल्या आणि त्यांच्याकडे बघून पोट धरधरून हसायला लागल्या. एकीनं त्यांची चप्पल आणून दिली आणि दुसरीनं चष्मा. “लागलं का वो?” असं कन्नडमध्ये विचारलं, तेव्हा सरांना उत्तर द्यायला श्वास उरला नव्हता. त्यांनी नुसता हात हलवला.

वरून अप्पाजींचं हसणं ऐकू येत होतं.

सरांनी जाऊन बुट्टी उचलली, भोपळा कवेत घेतला आणि तिथेच खांबाला टेकून बसले. एवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. कुमुदताईंचा व्हिडिओ कॉल.

“अहो, कुठवर आलात? इथं गिरिजा वाट… अगंबाई! हे काय? नाक कशानं लाल झालंय तुमचं?”

सरांना बोलता येईना. ते हसत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कुमुदताईंना आपल्या नवऱ्याला असं हसताना पाहिल्याचं आठवेना. त्या घाबरल्याच.

त्यांच्या खांद्यावरून एक छोटा चेहरा पडद्यात आला. नेहमी आजोबांचा फोन आला की हा चेहरा पडद्याआड पळायचा. आज तो पळाला नाही. चेहरा जवळ आला, आणखी जवळ आला, पडद्यावर नुसते डोळे दिसायला लागले.

“अज्जा,” पुट्टीनं कन्नडमध्ये विचारलं, “ते काय आहे?”

‘वार्ते’ हा शब्द कुठेतरी गळून गेला होता. सरांच्या ते लक्षात आलं.

त्यांनी तो ठेचकाळलेला, मिरचीनं माखलेला भोपळा उचलून मोबाईलपुढे धरला. सांगायला तोंड उघडलं.

शब्द आला नाही.

भाज्यांच्या धड्यात तो शब्द होता. कितीदा तरी घोटलेला होता. झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. सरांनी आठवून पाहिलं, शिंकले, पुन्हा आठवून पाहिलं. डोक्यात नुसता लाल धुरळा होता.

“हे… हे ना…” जे हाताला लागलं ते त्यांनी बोलून टाकलं. “बदनेकाई!”

पडद्यावरचे डोळे मोठे झाले…

आणि मग पुट्टी अशी काही हसली की पडद्यावरून दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत राहिला. परत वर आली तेव्हा तिचे केस डोळ्यांवर आले होते.

“बदनेकाई म्हणजे वांगं, अज्जा! वांगं असं असतं का? कुंबळकाई! ही कुंबळकाई आहे!”

“कुंबकाळई,” सर म्हणाले.

“अल्लऽ! असं नाही! कुं… बळ… काई!” ती प्रत्येक तुकड्याला टाळी वाजवत होती. “म्हण!”

“कुं… बळ… काई.”

“पुन्हा म्हण!”

बासष्ट वर्षांच्या मुख्याध्यापकांनी पुन्हा म्हटलं. तिनं आणखी एकदा म्हणवून घेतलं. मग बारीक डोळे करून जरा विचार केला आणि मान हलवली. पास केलं असावं.

“ती घरंगळली का?” तिनं विचारलं.

सरांनी मान हलवली.

“तू मागे पळालास?”

सरांनी मान हलवली.

“पडलास?”

“पडलो.”

पुट्टीनं हे सगळं मनात नीट ठेवून घेतलं. मग पडद्याजवळ तोंड आणून, आजीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, पण सगळ्या घराला ऐकू जाईल असं तिनं विचारलं, “अज्जा, साताऱ्यात उतार आहे?”

सरांच्या घरापुढचा रस्ता म्हणजे नुसता उतारच. पावसात सायकलवाले तिथे उतरून चालतात. किल्ल्याकडून येणारा तो उतार कसा आहे, किती लांब आहे, कुठे वळतो, हे त्यांना कन्नडमध्ये उत्तम सांगता आलं असतं. एरवी सांगितलंही असतं. आज एकच शब्द पुरला.

“इदे,” ते म्हणाले. आहे.

“मग मला दाखव. आणि कुंबळकाई घेऊन ये. तुझ्याशेजारची ती टोपली पण आण.”

फोन बंद झाला…

 सर उठले आणि त्यांनी मिरच्यावाल्या बाईकडे तिची बुट्टी मागितली. बाईनं हसत दिली. एका काखेत भोपळा, दुसऱ्या हातात बुट्टी, असे ते उतरण चढून वर आले. शर्टाची इस्त्री पार गेली होती आणि डोळे अजून झोंबत होते.

कट्ट्यावर अप्पाजी पुन्हा शेंगा फोडायला बसले होते. शिवव्वानं मोबाईल तांब्याला टेकवला होता आणि व्हिडिओतला भोपळा एकदाचा खाली पोचला होता. थेट एसटीतून उतरणाऱ्या सासूच्या पायाशी. मागे जावई, न्हावी, अर्ध्या दाढीचा इसम आणि सगळी शाळा. सासू म्हणत होती, एवढा मान कशाला केलात हो जावईबापू, आणायला आलात ते आलात, वर भोपळाही! शिवव्वा डोळ्यांना पदर लावून हसत होती. सरांनाही हसू आलं. कोणता शब्द गावठी होता, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ते अप्पाजींच्या पुढ्यात बसले. नमस्कार करायचा होता, पण काखेत भोपळा होता.

“अप्पाजी…”

“हं.”

“मी शब्द विसरलो. भाज्यांच्या धड्यातला. तोंडपाठ होता हो मला, शप्पथ सांगतो. आणि ऐन वेळी मी वांगं म्हणालो.”

अप्पाजींनी हातातली शेंग फोडली. दाणे सरांच्या हातावर ठेवले…

“भोपळा गाडीत ठिवा,” ते म्हणाले. “आनि धारवाड येईस्तोवर आनखी दोन-चार शब्द इसरून जावा.”